आतली कडी

१९९६ सालच्या सप्टेंबरात, गणपतींचे विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले असताना, डेन्मार्कमधील लेना नावाची एक विद्यार्थिनी शहापूर तालुक्यात शेणव्याजवळच्या एका पाड्यावर गुणाबाई भोईर यांच्या घरी राहायला आली. नवे भात घरात येऊन पडेपर्यंत, म्हणजे साधारण जानेवारीपर्यंत तिचा मुक्काम ठरला होता. ती आठवडाभरसुद्धा टिकणार नाही, असे पाड्यावरच्या बहुतेकांचे मत होते. गुणाबाईंचे यजमान काशिनाथ भोईर यांचेही मत तेच होते, आणि त्यांनी ते बोलून दाखवले होते.

त्या काळात मी ठाण्याच्या एका दैनिकाला शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या बातम्या देत असे. पुढे जे लिहिले आहे त्यातले काही मी पाहिलेले आहे. उरलेले गुणाबाईंची मुलगी रंजना हिने सांगितले आणि काशिनाथरावांनी त्याला दुजोरा दिला. खुद्द गुणाबाईंना विचारण्यात अर्थ नसे. त्यांच्याविषयी काही विचारले की त्या चहा ठेवायला उठत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते टोकावड्याला. माळशेज घाट उतरून आलेला एक ट्रक गावाच्या अलीकडे उलटला होता आणि ड्रायव्हर जागीच गेला होता. त्याची बायको भिवंडीहून येऊन पोचली, पण पोलिसांचे सोपस्कार उरकेपर्यंत तिला थांबायचे होते. रस्त्याकडेच्या एका ढाब्याच्या बाजल्यावर ती बसली होती. तिच्या शेजारी एक उंच, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडे खोचलेली बाई होती. त्या गुणाबाई. टोकावडे त्यांचे माहेर. भावाकडे आल्या होत्या आणि गर्दी पाहून रस्ता ओलांडून इकडे आल्या होत्या. ड्रायव्हरच्या बायकोची भाषा हिंदी. गुणाबाईंना ती येत नव्हती. त्या काही बोलतही नव्हत्या. ती उठली की उठत, ती बसली की बसत. एकदा तिचा पदर मातीत लोळत होता, तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला, एवढेच. सकाळी मी आलो तेव्हा हे चालले होते, आणि दुपार टळल्यावर निघालो तेव्हाही चालले होते.

बातमीला नातेवाइकांची नावे हवी होती म्हणून मी विचारले, "तुम्ही यांच्या कोण?"

"कोण नाय."

"ओळख आहे?"

"नाय."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू प्रश्न विचारणाऱ्याचेच काहीतरी बिनसले असावे. "एकटी हाय ना ती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तिच्याकडे वळल्या.

त्या बातमीत गुणाबाईंचे नाव आले नाही.

पुढे त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य झाल्या आणि ग्रामसभांमुळे ओळख वाढली. मला त्या "पेपरवाले" म्हणत. "काय पेपरवाले, बसा." हे "बसा" त्यांच्या तोंडी सतत असे. दारात उभे राहून बोलणारा माणूस त्यांना खपत नसे. तलाठी असो की बोहारीण, आधी त्याने बसायचे, मग कामाचे सांगायचे. पाहुण्यासाठी गोणपाटाची एक घडी भिंतीशी ठेवलेली असे आणि ती सगळ्यांना एकच होती. आभार मानलेले त्यांना आवडत नसत. "कशाला तोंड वाजवता," म्हणत. दात घासायची मिश्री दिवसातून चार वेळा चाले आणि बोट तोंडात असल्यामुळे बोलणे तुटक होई.

पाड्यावर त्यांचा लौकिक सोबतीला बसणारी बाई म्हणून होता. बाळंतीण अडली, म्हातारे माणूस घरघरायला लागले, कोणाचा भाऊ परगावी दगावल्याचा निरोप आला, की गुणाकाकीला बोलावणे जाई. त्यांना औषध येत नसे, मंत्र येत नसे. समजूत घालणे तर अजिबात येत नसे. एखादीला कोणी "रडू नको गो" म्हणाले तर त्या म्हणत, "रडूं दे की. तुझं काय जातंय?" त्या फक्त येऊन बसत. एक गुडघा उभा, तळहात जमिनीवर, माणसाच्या जरा मागे. त्याला झोप लागली किंवा तो जेवला, की उठून जात. माणसाला एकटे सोडायचे नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. त्या पाड्यावर एकटे टाकले जाई ते फक्त वाळीत टाकलेल्या घराला.

लेनाला ठेवून घ्यायला त्या तयार झाल्या त्याचे कारण मात्र रंजना होती.

रंजना बारावी झाली होती. सांगलीच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये तिला जागा मिळाली होती आणि दसऱ्याच्या आत हजर व्हायचे होते. काशिनाथराव आसनगावजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जात आणि उरलेल्या वेळात शेती पाहत. मुलीने शिकायला त्यांची हरकत नव्हती. परक्या गावी, परक्या माणसांत राहायला होती. त्याच सुमारास विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेच्या समन्वयक बाई पाड्यावर आल्या. त्यांना परदेशी विद्यार्थिनीसाठी संडास असलेले घर हवे होते. तसे घर एकच होते. पंचायतीच्या सदस्याने आधी स्वतःकडे बांधून दाखवावा म्हणून सरकारी योजनेतला संडास गुणाबाईंच्या परड्यात उभा होता, आणि त्यात गोवऱ्या रचलेल्या होत्या.

बाई गेल्यावर नवरा-बायकोत झालेले बोलणे रंजनाने चुलीपाशी बसून ऐकले.

"पोर परक्यात ठेवायची नाय," काशिनाथराव म्हणाले. "तिथं कोण हाय आपला?"

"ही डेनमारकची पोर येतेय, तिचा इथं कोण हाय? तिला बाप नाय काय?"

"त्यांचं येगळं. आणि ती काय राहते? आठवडा नाय काढायची."

"काढला तर?"

"काढला तर बघू."

"बघू नाय. ती राहिली तर रंजी सांगलीला जाईल."

"आणि पळाली तर?"

"तर मी ह्यावर परत तोंड उघडायची नाय."

बायको एखाद्या विषयावर कायमची गप्प बसणार, ही अट काशिनाथरावांना फायद्याची वाटली असावी. "चालंल," ते म्हणाले.

पहिल्या रविवारी समन्वयक बाई पुन्हा येणार होत्या. विद्यार्थिनीशी एकटीशी बोलायचे आणि तिला नको असेल तर घर बदलून द्यायचे, असा संस्थेचा नियम होता. शहापुरात एका डॉक्टरांच्या बंगल्यात स्वतंत्र खोली तयारच ठेवली होती.

लेना आली तेव्हा पितृपक्ष लागला होता. ती एसटीतून उतरून पाठीवरची मोठी पिशवी सांभाळत बांधावरून चालत आली. शेजारच्या भागीआजीने तिला आपादमस्तक न्याहाळले.

"पितरांत आली म्हणजे भोईरांचीच कोणतरी असणार. कोण गो गुणा, तुमच्यात एवढी गोरी होती?"

"आमच्यात कोण नव्हती," गुणाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडची असंल, चुकून आमच्या दारात आली."

भात पोटरीला आले होते. बेणणी संपली होती, तण काढून झाले होते, कापणीला अवकाश होता. बायकांना वेळ होता आणि तो सगळा त्यांनी लेनाला दिला. सकाळपासून त्या येत आणि तिच्याभोवती बसत. किती भाऊ, किती बहिणी, लग्न का नाही, केस असेच आहेत की रंगवलेले, हे विचारून झाले. विचारायचे संपल्यावरही त्या बसून राहिल्या. काही उठल्या की दुसऱ्या आल्या. लेना बांधावर फिरायला निघाली की दोन मुली चपला घालून बरोबर. तिने पुस्तक उघडले की कोणीतरी जवळ सरके, कारण ती बिचारी एकटी वाचत बसली होती. झोपताना एका बाजूला रंजना, दुसऱ्या बाजूला गुणाबाई. ताटात अळूची भाजी पडली की लेना "धन्यवाद" म्हणे, भाकरी पडली की पुन्हा म्हणे. दुसऱ्या दिवशी गुणाबाईंनी हातातली भाकरी तशीच धरली.

"दर घासाला काय धन्यवाद? भीक घालतेय काय मी तुला?"

तिसऱ्या दिवशी लेना रडली. सकाळी, ओट्यावर, सगळ्यांसमोर.

तिला घर आठवत असेल, असा निष्कर्ष निघाला आणि दुपारपर्यंत बायकांची संख्या वाढली. भागीआजीने मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धुराने लेनाच्या डोळ्यांना आणखी पाणी आले, तेव्हा दृष्ट किती जबर होती यावर चर्चा झाली. ती रडली की माणसे जवळ येत, आणि माणसे जवळ आली की ती रडे. पुण्यात ती काही आठवडे मराठी शिकली होती. संध्याकाळी तिने गुणाबाईंना एक पूर्ण आणि बरोबर वाक्य सांगितले. "मला थोडा वेळ एकटीला बसायचं आहे."

गुणाबाईंना वाक्य कळले. ते पटले नाही.

"एकटीला? ते कशाला गो? आमी काय तुला वाळीत टाकलंय?" त्या म्हणाल्या, आणि हात पुसून तिच्याजवळ येऊन बसल्या.

काशिनाथरावांनी त्या रात्री जेवताना फक्त एवढेच म्हटले, "रविवार लांब नाय."

मग लेनाचे पोट बिघडले. निदान घराची तशी समजूत झाली. ती तांब्या घेऊन परड्यातल्या संडासात जाई आणि बराच वेळ बाहेर येत नसे. दिवसातून अनेकदा हे होऊ लागले. गुणाबाईंनी भाकरी बंद करून पेज सुरू केली. कोरा चहा दिला, ओवा चावायला दिला. लेनाने सगळे निमूट घेतले. ती आत असली की बाहेर भागीआजी ओरडून विचारी, "कळ येतेय काय गो अजून?" आणि आतून उत्तर येई, "नाही. धन्यवाद."

यातला घोळ गुणाबाईंच्या लक्षात आला तो तांब्यामुळे. लेनाने परत आणून ठेवलेला तांब्या त्यांनी विसळायला उचलला आणि हाताला तो जड लागला. तो काठोकाठ भरलेला होता. पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम पाहिले. तांब्या भरलेला गेला आणि भरलेलाच आला.

रंजना सांगते की आई तेव्हा परड्यातल्या दगडावर बसली आणि संडासाच्या दाराकडे पाहत राहिली. पत्र्याचे दार, त्याला आतून कडी. सबंध घरात, दिवसाउजेडी माणसाला आतून लावून घेता येईल अशी कडी फक्त तिथे होती. पुढचे दार रात्रीच बंद होई. दिवसा दार लोटलेले दिसले तर आत कोणी दगावले असावे, असे धरून लोक धावत येत.

"रंजे," त्या म्हणाल्या, "ही पोर हगायला नाय जात. बसायला जाते."

रंजनाला हसू आले. आईला आले नाही.

माजघराच्या बाजूला कणग्यांची खोली होती. जुने भात संपत आल्यामुळे कणग्या जवळजवळ रिकाम्या होत्या. त्या खोलीला लाकडी दार होते आणि भाताच्या राखणीसाठी बाहेरून कडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई सुताराला घेऊन आल्या. बाहेरची कडी उपटायची आणि आतून लावायची, एवढेच काम होते. सुताराने ते दोनदा विचारून घेतले. काशिनाथराव पाळीवरून परतले तेव्हा काम संपत आले होते.

"आतनं? आतनं कडी कोणाच्या भ्यानं?"

"आपल्या."

"आणि दिवाळीनंतर नवा भात आला की? भात काय आतनं कडी लावून बसणार हाय?"

"तवा बघू," गुणाबाई म्हणाल्या. "बघू" हा शब्द त्या नवऱ्याकडून क्वचितच उचलत.

त्यांनी एका कणगीला टेकवून गोधडी टाकली, लेनाला हाताला धरून आत नेले, दार लावले, कडी सरकवली, काढली. मग तिच्या हातात कडी दिली आणि स्वतः बाहेर आल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला. गुणाबाई दाराला पाठ लावून खाली बसल्या आणि रंजनाला सूप आणायला सांगितले. वालाचे बिरडे सोलायचे होते.

बायका नेहमीप्रमाणे आल्या. नेहमीची जागा रिकामी पाहून थबकल्या.

"पोर कुठं गेली?" भागीआजी.

"आत हाय."

"आजारी हाय?"

"नाय. बसलीय."

"काय करते?"

"काय नाय करत."

"मग?"

"मग काय? बसलीय."

"एकटीच?"

"हां."

भागीआजीने बंद दाराकडे पाहिले. "आणि तू गो का बाहेर?"

"कोण आत जाऊ नये म्हणून," गुणाबाई म्हणाल्या.

आतून रडण्याचा आवाज येऊ लागला. बारीक होता, पण दाराला पाठ लावून बसलेल्या माणसाला ऐकू जाण्यासारखा होता. एक बाई उठली. गुणाबाईंनी तिच्या लुगड्याचा काठ धरून तिला खाली बसवले. "रडूं दे," त्या म्हणाल्या. त्या हलल्या नाहीत. रंजना समोर बसली होती. तिने पाहिले की आई वाल सोलत होती आणि सोललेले दाणे सालींच्या ढिगात टाकत होती, साली सुपात. हे बराच वेळ चालले. मग रडणे थांबले, पुस्तकाची पाने उलटल्याचे ऐकू आले, आणि बायका एकेक करून घरी गेल्या. संध्याकाळी लेना बाहेर आली आणि भाकरी मागून जेवली.

रविवार यायच्या आधी रंजनाने आईला एक सुचवले होते. तिला मोडकेतोडके इंग्रजी येत होते. लेनाला सगळे सांगावे, की तू राहिलीस तरच मला सांगलीला जाता येणार आहे. ती चांगली आहे, नाही म्हणणार नाही.

"नाय सांगायचं," गुणाबाई म्हणाल्या.

"का पण?"

"ती काय तुझ्यासाठी आलीय इथं? तिच्या मानेवर आपलं ओझं कशाला?"

"आणि ती गेली तर?"

"गेली तर गेली. मी तुझ्या बापाला शब्द दिलाय." असे म्हणून त्यांनी मिश्रीची डबी उघडली, म्हणजे बोलणे संपले होते.

रविवारी मी तिथे होतो. परदेशी विद्यार्थिनीची छोटी बातमी करायची होती, आणि दुभाष्याची गरज पडलीच तर उपयोगी पडेन म्हणून समन्वयक बाईंनीही थांबायला सांगितले होते. नवरा-बायकोतल्या अटीबद्दल मला तेव्हा काही ठाऊक नव्हते. काशिनाथराव ओट्यावर बसून विडी ओढत होते. रंजना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गुणाबाईंनी लेनाची पिशवी धुतलेल्या कपड्यांसह भरून ओट्याच्या कडेला ठेवली होती. जायचे ठरले तर तिला आवराआवर करत सगळ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, असे त्यांनी मुलीला सांगितले होते.

समन्वयक बाई आणि लेना कणग्यांच्या खोलीत गेल्या. कडी लागली. गुणाबाई सवयीने दाराशी जाऊन बसल्या.

विडी विझली ती काशिनाथरावांनी पुन्हा पेटवली नाही. भागीआजी कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. तिला गुणाबाईंनी "बस" म्हटले नाही, हे माझ्या लक्षात आले.

दार उघडले. समन्वयक बाई म्हणाल्या, "तिला इथंच राहायचंय." मग जरा अवघडून म्हणाल्या, "फक्त तिचा एक प्रश्न आहे. ती आत असताना तुम्ही दाराबाहेर बसता. तुम्ही तिच्यावर पहारा ठेवता असं तिला वाटतं. का बसता, असं ती विचारतेय."

गुणाबाईंनी लेनाकडे पाहिले. "पहारा?" त्यांनी रंजनाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "अगो, मी सोबतीला बसते."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितले. गुणाबाईंनी एक हात जमिनीवर टेकला आणि उठल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाय बसत."

त्यांनी सूप उचलले आणि चुलीकडे गेल्या. त्यानंतर लेनाच्या दाराबाहेर त्यांना बसलेले कोणी पाहिले नाही.

काशिनाथराव ओट्यावरून उठले. भरलेली पिशवी उचलून त्यांनी ती कणग्यांच्या खोलीत नेऊन ठेवली आणि परत येऊन मला विचारले, "पेपरवाले, सांगलीला जायची गाडी कल्याणला कवा लागते?"

पितृपक्ष संपला, घट बसले, आणि रंजना सांगलीला गेली. लेना कापणीला होती, झोडणीला होती. नवे भात आले ते कणग्यांच्या खोलीतच पडले, आणि मग लेना भाताच्या राशीला टेकून बसे. कडी पुन्हा बाहेर लावण्याचा विषय काशिनाथरावांनी एकदा काढला आणि मग काढला नाही. जानेवारीत लेना निघाली तेव्हा गुणाबाई तिला शहापूरच्या एसटी स्टँडवर सोडायला आल्या होत्या. लेनाने तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "धन्यवाद म्हणशील तर बघ." लेना काही न म्हणता त्यांच्या पाया पडली. तिच्या देशात असे करत नाहीत, हे तिने त्यांना सांगितले होते.

रंजनाला सांगलीत भेटायला गुणाबाई एकदाच गेल्या. वसतिगृहात एका खोलीत बऱ्याच मुली राहत. वॉर्डनबाईंनी त्यांना सगळे दाखवले, पलंग, कपाटे, जेवणाची खोली. सगळे पाहून झाल्यावर गुणाबाईंनी विचारले, "सगळं बेस हाय. माझी पोर बसते कुठं?"

"बसते म्हणजे? अभ्यासाची खोली आहे ना."

"तिथं समद्या असतील. एकटी कुठं बसते?"

हे रंजनाने पुढे परिचारिका झाल्यावर, हसत हसत सांगितले. एकटीला बसायला गच्चीचा जिना तिने त्याच आठवड्यात शोधून काढला होता, असेही ती म्हणाली.

पाड्यावर गुणाबाईंना बोलावणी येत राहिली. त्या जातही राहिल्या. फरक एवढाच पडला की दारात पोचल्यावर त्या लगेच बसत नसत. आधी विचारत, "बसू की जाऊ?" सुरुवातीला बायका यावर हसल्या. माणूस मेलेल्या घरात असे विचारतात का, म्हणून कोणी नावेही ठेवली. भागीआजीचा थोरला मुलगा डोळखांबच्या रस्त्यावर अपघातात गेला तेव्हा मी तिथे होतो. घर माणसांनी भरले होते. गुणाबाई आल्या, भिंतीशी बसलेल्या म्हातारीपुढे वाकल्या आणि हळू आवाजात तेच विचारले. भागीआजीने मान वर केली.

"जा," ती म्हणाली. "आणि ह्यांना पण ने."

गुणाबाई वळल्या आणि त्यांनी खोलीतल्या बायकांना उठवले. पुरुषांनाही उठवले. ओट्यावर कोणीतरी कुरकुरले, तेव्हा "नंतर बस, पळून नाय जात ती," असे म्हणाल्या. दार त्यांनीच ओढून घेतले. संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. सोबत भाकरी होती. पुन्हा तेच विचारले. या वेळी म्हातारीने जमिनीवर हात थोपटला, आणि त्या बसल्या.

२००६ च्या पावसाळ्यानंतर पंचायतीच्या निवडणुकीच्या बातमीसाठी मी त्या भागात होतो. दुपारी पाड्यावर गेलो. काशिनाथराव निवृत्त झाले होते. ओट्यावर बसून ते वालाचे बिरडे सोलत होते आणि त्यांना ते चांगले जमत होते. मी गुणाबाईंना हाक मारली. काशिनाथरावांनी हात वर करून मला आवाज कमी करायला सांगितले.

"आत हाय."

"बरं नाही का?"

"नाय, बेस हाय. बसलीय."

"काय करतायत?"

"काय नाय करत. जेवण झालं की रोजचंच हाय तिचं."

माजघरातून कणग्यांच्या खोलीचे दार दिसत होते. ते बंद होते. दाराखाली बोटभर फट होती आणि त्या फटीतून लुगड्याचा हिरवा काठ बाहेर आला होता. त्या आतून दाराला पाठ लावून बसल्या होत्या.

काशिनाथरावांनी सुपातले दाणे सारखे केले आणि विचारले, "बसता की जाता?"

शहापूरची एसटी यायची वेळ झाली होती. मी जातो म्हणालो. निघालो तेव्हा कडी आतून लागलेली होती.